पवईचं हिरवं पाणी, विषारी जीन आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे प्रश्न

पावसाळा संपून ऊन तापायला लागलं की तलावाकाठी राहणारे लोक हिरव्या पाण्याचे फोटो काढून पाठवतात आणि विचारतात, हे विषारी आहे का. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस, त्यामुळे सगळे फोटो फिरून फिरून माझ्याकडेच येतात. दर वेळी तेच टाईप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवतो. थोडं लांबलंय, तुमचा प्रश्न असेल तिथे थेट गेलात तरी चालेल.

हे शेवाळ आहे की बॅक्टेरिया?

बॅक्टेरिया. सायनोबॅक्टेरिया. आपण शाळेत नील-हरित शेवाळ म्हणून शिकलो तेच हे, पण यांच्या पेशीत न्यूक्लियस नसतो, डीएनए तसाच मोकळा असतो, आणि बहुतेकांत जिनोमच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या संचाच्या, एकाऐवजी अनेक प्रती असतात. प्रकाशसंश्लेषण मात्र झाडांसारखंच, ऑक्सिजन सोडणारं. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साचायला लागला तो यांच्यामुळे, तेव्हा शिव्या घालताना जरा जपून.

पाणी हिरवं झालं म्हणजे विषारी झालं ना?

नाही. आणि हे "नाही" मला वर्षभर सांगत बसावं लागतं. हिरवं पाणी साध्या हिरव्या शेवाळाचंही असू शकतं, टिकलीसारखी पानं असलेल्या डकवीडचंही, आणि मुंबईतल्या आमच्या पवई तलावाला तर जलपर्णीच इतकी असते की लांबून काढलेल्या फोटोत काहीच कळत नाही.

घरी एक गोष्ट करून बघता येते. ग्लोव्हज घालून, काचेच्या नाहीतर पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत पाऊण बाटली पाणी घ्या, झाकण लावा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी हिरवं तळाशी बसलं असेल तर बहुतेक साधं शेवाळ. वर गळ्यापाशी बारीक हिरव्या कण्यांचा थर जमला असेल, खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसत असेल, तर मायक्रोसिस्टिस नावाच्या सायनोबॅक्टेरियाचा किंवा त्याच्या भाऊबंदांचा संशय घ्यायला हरकत नाही. यांच्या पेशीत हवा भरलेल्या बारीक पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीचं प्रोटीन बनवणारे वेगळे जीन असतात, जीव्हीपी नावाचे, त्या जोरावर ते प्रकाशाकडे वर तरंगतात. काठावर येऊन सुकायला लागले की पेशी फुटतात आणि आतलं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य बाहेर गळतं, मग दगडांवर चक्क निळे-फिरोजी डाग दिसतात. लोकांना वाटतं कुणीतरी रंग सांडला.

पण एवढं करूनही तुम्हाला फक्त "कोण आहे" हे कळलं. विष आहे का ते नाही.

मग जात ओळखली, मायक्रोस्कोपखाली नाव कळलं, की विषारी आहे का ते कळेल?

तरीही नाही, आणि खरी गंमत इथूनच सुरू होते. रॅफिडिऑप्सिस रासिबोर्स्की नावाचा एक सायनोबॅक्टेरिया आहे, आधी त्याला सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस म्हणायचे. ऑस्ट्रेलियातल्या तलावांतून वेगळे केलेले याचे स्ट्रेन, म्हणजे एकाच जातीतले वाण, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन नावाचं विष बनवतात, ते लिव्हर-किडनीवर जातं. ब्राझीलमधले स्ट्रेन सॅक्सिटॉक्सिन बनवतात, ते थेट नसांवर. आणि युरोपातले स्ट्रेन तपासले तर यातलं काहीच बनवत नाहीत. जात एकच, मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच, वागणूक तीन तऱ्हेची. मायक्रोसिस्टिसचंही तेच, एकाच तलावात, एकाच हिरव्या थरात, शेजारशेजारच्या दोन कॉलन्यांपैकी, म्हणजे पेशींच्या पुंजक्यांपैकी, एक विषारी आणि एक निरुपद्रवी असं सर्रास सापडतं.

मग ठरवतं कोण?

जीन. आणि एखाददुसरा नाही, पूर्ण गठ्ठा. मायक्रोसिस्टिन या विषाचं उदाहरण घेतो कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त काम झालंय. मायक्रोसिस्टिस एरुजिनोसाचा पीसीसी ७८०६ नावाचा स्ट्रेन आहे, १९७२ मध्ये नेदरलँड्सच्या एका जलाशयातून काढलेला, त्याच्यातला हा पूर्ण गठ्ठा २००० साली वाचला गेला. साधारण ५५ हजार बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं, लांब, त्यात १० जीन, एमसीवाय-ए पासून एमसीवाय-जे पर्यंत. ए, बी, सी एका दिशेने वाचले जातात आणि डी ते जे उलट्या दिशेने, आणि दोन्हीचा स्विच मधल्या एकाच पट्ट्यात.

आता यातून विष कसं बनतं. नेहमीचं प्रोटीन बनतं ते डीएनए, आरएनए आणि मग रायबोसोम हे पेशीतलं प्रोटीन जोडणारं यंत्र, या वाटेने. मायक्रोसिस्टिन त्या वाटेने बनतच नाही. त्याच्यात फक्त ७ अमिनो आम्लांची एक रिंग असते आणि त्यातली काही आम्लं नेहमीच्या २० मधली नाहीतच, शिवाय काही उलट्या हाताची. रायबोसोमला हे जमत नाही. म्हणून एमसीवाय जीन आधी मोठमोठी एन्झाइम बनवतात आणि ती एन्झाइम मग विष जोडतात. लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा, एक वाढपी फक्त मीठ वाढणार, दुसरा फक्त कोशिंबीर, तिसरा वरण, क्रम ठरलेला आणि कोणी दुसऱ्याच्या भांड्याला हात लावत नाही, फक्त इथे वाढपी जागेवर उभे आहेत आणि पान पुढे सरकतंय. शेवटच्या वाढप्याने वाढलं की साखळीची दोन टोकं जोडून रिंग बंद होते आणि विष तयार.

यातला एखादा वाढपी दोन पदार्थांत गोंधळणारा निघाला तर थोडं वेगळं मायक्रोसिस्टिन बनतं. एमसीवाय-बी आणि सी मधले ठराविक तुकडे आपसात अदलाबदल होऊन ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जागी आर्जिनिन हे दुसरं बसलेले प्रकार निघालेत. असे आजपर्यंत २५० च्या वर प्रकार माहीत आहेत, सगळ्यात बदनाम तो मायक्रोसिस्टिन-एलआर.

हेच जीन जबाबदार आहेत हे सिद्ध कसं केलं? नुसता अंदाज तर नाही ना?

चांगला प्रश्न, एका अकरावीतल्या मुलीने विचारला होता. १९९७ मध्ये जर्मनीतल्या गटाने याच पीसीसी ७८०६ मधला एमसीवाय-बी हा एक जीन मध्येच अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा तुकडा घुसवून मोडला. बाकी सगळं तसंच. त्या म्युटंटमध्ये, म्हणजे जीन मोडलेल्या स्ट्रेनमध्ये, मायक्रोसिस्टिनचा एकही प्रकार बनला नाही. एक जीन मोडला, पूर्ण विष बंद, म्हणजे पुरावा पक्का.

आणि त्याच प्रयोगातली मला जास्त आवडणारी गोष्ट अशी की तो म्युटंट लॅबमध्ये मस्त वाढत होता, विष नसल्याने त्याचं काहीच अडत नव्हतं.

मग हे विष बनवतात तरी कशाला? माणसांना मारायला?

आपण कोण लागून गेलो! २००४ मध्ये वेगवेगळ्या वंशांतल्या एमसीवाय जीनची तुलना झाली, त्यातून निघालं की हा गठ्ठा फारच जुना आहे, सायनोबॅक्टेरियाच्या सामाईक पूर्वजाकडे होता आणि नंतर अनेक शाखांनी तो वेगवेगळ्या वेळी गमावला. इतका जुना की तेव्हा त्यांना खायला कोणी प्राणीच नव्हते. म्हणजे "भक्षकांपासून बचाव" हे कारण सुरुवातीचं तरी नसणार.

मग काय? २०११ मध्ये दिसलं की मायक्रोसिस्टिन पेशीच्या आतल्या प्रोटीन्सना चिकटतं, त्यात रुबिस्को पण आला, जो कार्बन डायऑक्साइड पकडतो, आणि हे चिकटणं प्रखर उजेडात, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमध्ये वाढतं. विष न बनवणारा म्युटंट अशा उन्हात लवकर मार खातो. म्हणजे एका अर्थी ते त्यांचं घरगुती औषध आहे, आणि आपल्या लिव्हरच्या पेशीत गेल्यावर ते प्रोटीन फॉस्फटेज नावाच्या एन्झाइमना पकडून ठेवतं हा आपला बॅडलक. लिव्हरच का, तर रक्तातून पेशीत शिरायला त्याला जे वाहक प्रोटीन लागतं ते लिव्हरच्या पेशींवर भरपूर असतं.

एवढं कामाचं असेल तर शेजारच्याकडे का नाही?

कारण महाग आहे. ५५ हजार बेस कॉपी करा, अवाढव्य एन्झाइम बनवा, त्यात मायक्रोसिस्टिन-एलआरच्या वजनाचा साधारण १४ टक्के भाग नायट्रोजन. परवडत नसेल तर टाकून देणारेच टिकतात. प्लँक्टोथ्रिक्स नावाच्या धाग्यासारख्या वंशात बिनविषारी स्ट्रेनमध्ये या गठ्ठ्याचा ९० टक्क्यांहून जास्त भाग उडालेला आहे, फक्त कडेचे अवशेष शिल्लक. काही स्ट्रेनमध्ये गठ्ठा जागेवर आहे पण मध्ये उड्या मारणारा, म्हणजे जिनोममध्ये जागा बदलत फिरणारा, डीएनए येऊन बसलाय आणि सगळं बंद. मायक्रोसिस्टिसचा जिनोम असल्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांनी गच्च भरलेला असतो. २००७ मध्ये एनआयईएस-८४३ या जपानी स्ट्रेनचा पूर्ण जिनोम वाचला, साधारण ५८ लाख बेस, त्यात हे तुकडे इतके निघाले की वाचणाऱ्यांचं डोकं फिरलं असेल.

नॉड्युलॅरिन नावाचं विष तर असंच काटछाट होऊन आलेलं दिसतं. ७ ऐवजी ५ आम्लांची रिंग, जीनचा गठ्ठा ४८ हजार बेसचा आणि रचना एमसीवायमधून काही भाग गळल्यासारखी.

जीन सापडला म्हणजे पाण्यात विष आहे, असं धरून चालू का?

नका. जीन असणं, तो चालू असणं, विष पुरेशा प्रमाणात बनणं आणि ते पेशीबाहेर पाण्यात येणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "जीन सापडला, तलाव विषारी" असं कोणी फॉरवर्ड केलं की माझं बीपी वाढतं.

उजेड वाढला की एमसीवाय जास्त वाचला जातो. लोहाचं प्रमाण सांभाळणारं फर नावाचं प्रोटीन आणि नायट्रोजनचा हिशोब ठेवणारं एनटीसीए नावाचं प्रोटीन, दोन्ही त्या मधल्या स्विचच्या पट्ट्यावर बसतात. मायक्रोसिस्टिस हवेतला नायट्रोजन घेऊ शकत नाही, त्याला तो पाण्यातूनच लागतो, आणि विषाच्या रेणूतच नायट्रोजन ठासून भरलाय, मग सांडपाणी सोडलं की काय होत असेल तुम्हीच बघा. फॉस्फरसवर सगळे बोलतात, साबण, निर्माल्य वगैरे, ते बरोबरच आहे, त्याने हिरवा थर वाढतो. पण त्या थरातली किती डोकी विष बनवणार आणि किती नाही बनवणार यात नायट्रोजनचाही मोठा हात असतो. नाले तलावात येणं थांबवा म्हणतो ते नुसतं वासासाठी नाही.

टेस्ट कशी करतात? पीसीआर की अजून काही?

दोन्ही लागतं. पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठराविक तुकड्याच्या भरपूर प्रती काढून तो आहे का बघणं, त्याने जीन कळतो. एलायझा (अँटिबॉडी वापरून) किंवा एलसी-एमएसने (रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्राने) विष कळतं.

पीसीआरचं सांगतो कारण बरेच बीएस्सी-एमएस्सीवाले प्रोजेक्टसाठी हेच विचारतात. सगळ्यात जास्त त्रास पीसीआरमध्ये नाही, त्याच्या आधी होतो. मायक्रोसिस्टिसच्या कॉलन्यांभोवती बुळबुळीत आवरण असतं, पॉलिसॅकराइडचं. तुम्ही पेशी फोडल्या, शेवटी अल्कोहोल टाकलं की डीएनएबरोबर ते पण खाली येतं, ट्यूबच्या तळाशी छोटी पांढरी गोळी यायला हवी तिथे जेलीसारखं काहीतरी थरथरतं, ते पाण्यात धड विरघळत नाही, पिपेटच्या टोकाला तार धरतं आणि पीसीआरचं एन्झाइम गपगार बसतं. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून बघतात त्या जेलवर काहीच दिसत नाही आणि पोरं लिहून मोकळी होतात, "विषारी जीन नाही". अरे थांबा! आधी तोच डीएनए १० पट पातळ करून परत लावा. आणि प्रत्येक सॅम्पलवर फायकोसायनिनच्या नाहीतर १६एस या बॅक्टेरियांतल्या सामाईक जीनचा पीसीआर सोबत लावाच, जो सायनोबॅक्टेरिया असला की यायलाच हवा. तो आला आणि विषाचा नाही आला तरच "नाही" म्हणायचं.

विषासाठी एचईपी नावाची प्रायमरची, म्हणजे कुठला तुकडा उचलायचा ते ठरवणाऱ्या छोट्या डीएनएची, जोडी सोयीची आहे, एमसीवाय-ई आणि नॉड्युलॅरिनचा तसाच जीन दोन्ही पकडते, पट्टी ४७२ बेसवर येते. पण ही ५५ हजारातल्या ४७२ अक्षरांची साक्ष आहे. पुढे कुठे गठ्ठा मोडलेला असेल तर पट्टी येईल आणि विष नसेल. प्रती मोजणारा रिअल टाइम पीसीआर असेल तर एमसीवाय आणि फायकोसायनिन यांचं गुणोत्तर काढून एकूण पेशींपैकी विषारी पेशी किती याचा अंदाज येतो, दर आठवड्याला काढलं तर वाढतंय की उतरतंय ते दिसतं, मला विचाराल तर पीसीआरचा खरा उपयोग तोच.

आकडा लागतो तो मात्र विषाचा. पिण्याच्या पाण्यात कायम वापरासाठी मायक्रोसिस्टिन-एलआरची डब्ल्यूएचओची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे.

मायक्रोसिस्टिन सोडून अजून विषं आहेत का?

आहेत. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनचा सीवायआर गठ्ठा आणि सॅक्सिटॉक्सिनचा एसएक्सटी गठ्ठा दोन्ही २००८ मध्ये सापडले, अ‍ॅनाटॉक्सिन-ए चा २००९ मध्ये. सॅक्सिटॉक्सिनची भानगड वेगळीच, समुद्रातले डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे पूर्ण वेगळ्या घराण्यातले जीव, तेही हेच विष बनवतात, आणि २०११ मध्ये त्यांच्या न्यूक्लियसमध्ये एसएक्सटी-ए सारखाच जीन मिळाला. कालवं-शिंपल्यांमधून होणारी विषबाधा ती हीच.

पाणी उकळलं की झालं ना?

नाही हो. मायक्रोसिस्टिन उकळून जात नाही, उलट पेशी फुटून आतलं बाहेर येतं आणि पाणी आटून जास्त दाट होतं. तलावात मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून "शेवाळ मारण्याची" आयडिया पण याच कारणाने वाईट. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर धरणाच्या पाण्यात कॉपर सल्फेट टाकलं आणि काही दिवसांत १४८ लोक आजारी पडले, बहुतेक लहान मुलं. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनची ओळख तिथून पुढे झाली. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन थेट रुग्णांच्या रक्तात गेलं आणि ५० हून जास्त माणसं गेली.

पेशी अख्ख्या असतानाच गाळून काढणं, मग अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, ओझोन किंवा नीट डोस आणि वेळ दिलेलं क्लोरिन, हा शहाण्या ट्रीटमेंटचा क्रम. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. मुंबईला पिण्याचं पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणेवरची धरणं, विहार, तुळशी इथून आणि भांडुप, पांजरापूरला प्रक्रिया होऊन. तेव्हा पवईचा फोटो बघून नळ बंद करू नका. बागेला तलावाचं पाणी मारणाऱ्या सोसायट्यांनी मात्र फवारा उडवायच्या आधी विचार करावा, थेंब नाकात जातात.

नळाला मातीचा वास येतोय, हे तेच विष का?

तो जिऑस्मिनचा वास. पहिल्या पावसाच्या मातीचा असतो तोच रेणू. त्याचा जीन वेगळा, विषाचे वेगळे, एक असला म्हणजे दुसरा असेलच असं नाही. आपलं नाक जिऑस्मिन लिटरला १० नॅनोग्रॅमच्या आसपास सुद्धा पकडतं. उलट्या बाजूने, मायक्रोसिस्टिनला वासच नाही, त्यामुळे वास नाही म्हणून बिनधास्त राहू नका.

जुहूला रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोणार गुलाबी झालं होतं, तेही हेच?

दोन्ही नाही. जुहूची चमक नॉक्टिल्युकाची, तो डायनोफ्लॅजेलेट. लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं ते खारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोआर्कियामुळे, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं होतं. एरवी लोणारचं पाणी हिरवं असतं त्यात मात्र आर्थ्रोस्पायरा म्हणजे आपली स्पिरुलिना भरपूर असते, ती पक्की सायनोबॅक्टेरिया.

बापरे, मग स्पिरुलिनाच्या गोळ्या बंद करू?

आर्थ्रोस्पायराकडे एमसीवायचा गठ्ठा नाही. प्रश्न भेसळीचा असतो. बंदिस्त, क्षारयुक्त टाक्यांत वाढवलेली असेल तर दुसरे फारसे टिकत नाहीत. नैसर्गिक तलावातून गोळा केलेल्या दुसऱ्या एका "ब्लू-ग्रीन" सप्लिमेंटमध्ये, अमेरिकेतल्या क्लॅमथ लेकच्या, मायक्रोसिस्टिस मिसळून आल्याचं सापडलंय, तिथल्या ऑरेगन राज्याने ग्रॅमला १ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. लॉटचा मायक्रोसिस्टिन रिपोर्ट मागा, देत नसतील तर घेऊ नका. तसंही डाळ-भात खाणाऱ्याला त्याची किती गरज आहे हा वेगळा विषय.

जीन एडिटिंग करून तलावातले सगळे बिनविषारी करता येतील का?

लॅबमध्ये एखादा स्ट्रेन करता येतो, वर सांगितलंच. तलावात अब्जावधी पेशी, प्रत्येकीत जिनोमच्या अनेक प्रती, कुठल्या कुठल्या दुरुस्त करणार. आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिसचा थर पण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातोच, मासे मरायचे ते मरतातच.

याच्यापेक्षा मला दुसरी बाजू जास्त भरवशाची वाटते. निसर्गात मायक्रोसिस्टिन खाणारे बॅक्टेरिया आहेत, स्फिंगोमोनास वगैरे, त्यांच्याकडे एमएलआर नावाचा छोटा जीनगट असतो. एमएलआर-ए चं एन्झाइम त्या रिंगला एका जागी कापतं आणि रिंग उघडली की विषाचा जोर शेकडो पटीने उतरतो. वाळूच्या संथ फिल्टरवर असले बॅक्टेरिया आपसूक वस्ती करतात.

कुत्रा तलावाच्या काठावर फिरवते, चालेल ना?

हिरवा थर काठाला लागलेला दिसत असेल तर नको. कुत्री पाण्यात उतरतात, अंगाला लागलेलं सगळं चाटून काढतात आणि तेवढ्यात डोस पूर्ण होतो, जगभर असल्या विषबाधेत कुत्रीच आधी जातात. उतरलाच तर चाटू न देता लगेच नळाच्या पाण्याने धुवा, तुम्ही ग्लोव्हज घाला, आणि लाळ गळणं, लटपटणं, उलट्या यातलं काही दिसलं तर व्हेटकडे नेताना पाण्याचा फोटो पण न्या, जमलं तर बाटलीत थोडं पाणीही. गळ टाकून पकडलेले मासे खाणाऱ्यांसाठी: विष मांसापेक्षा लिव्हर आणि आतड्यात जास्त साचतं, तेव्हा हिरवा थर असताना पकडूच नका, पकडलाच असेल तर पोटातलं सगळं काढून मासा भरपूर धुवा, आणि डोकं-काळजाचं कालवण त्या दिवशी राहू द्या.